न संपलेला सप्टेंबर

संगणकजालावर एकत्र येऊन लेखी संभाषण करणाऱ्या समुदायांत कसे लिहावे, किती लिहावे आणि केव्हा गप्प बसावे यासंबंधीचे जे संकेत आज जगभर मानले जातात, त्यांतील बरेचसे १९८० ते १९९५ या पंधरा वर्षांत यूजनेट नावाच्या व्यवस्थेत घडले. नेट आणि एटिकेट या दोन इंग्रजी शब्दांची सांगड घालून या संकेतांना नेटिकेट असे नाव पडले. शिष्टाचार म्हटला की सौजन्य, मृदू भाषा, मोठ्यांचा मान अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. परंतु यूजनेटवरील शिष्टाचाराच्या मुळाशी होता तो हिशेब, आणि तोही दुहेरी, कारण लिहिणाऱ्याचा मजकूर पोहोचवण्याचा खर्च दुसराच कोणी भरत असे आणि तो वाचण्यात जाणारा वेळ हजारो अनोळखी माणसांचा असे. हा हिशेब नव्या माणसाला समजावून देण्याचे काम वर्षानुवर्षे जुनी माणसे करीत राहिली, आणि नवी माणसे ज्या वेगाने येतात त्या वेगाने त्यांना शिकवणे अशक्य झाले तेव्हा ही सारी रीत कोलमडली.

१९७९ च्या अखेरीस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना या व्यवस्थेची कल्पना सुचली, आणि शेजारच्याच चॅपल हिल येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्टीव्ह बेलोविन याने तिची पहिली कामचलाऊ आज्ञावली लिहिली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांवर चालणारे आर्पानेट हे जाळे त्या वेळी मोजक्याच संस्थांना खुले असल्यामुळे यूजनेटला गरिबांचे आर्पानेट असेही म्हटले जाई. त्याची रचना खरोखरच गरिबीला साजेशी होती: दूरध्वनीचे दर कमी असतात अशा वेळी, बहुधा रात्री, एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्या विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावी, आपल्याकडे जमलेले नवे लेख त्याच्या हवाली करी, त्याच्याकडचे आपण घेई, आणि तो दुसरा संगणक पुढे तिसऱ्याला फोन लावी. मध्यवर्ती कचेरी नाही, मालक नाही, संपादक नाही. विषयवार विभागलेल्या या लेखांच्या गटांना न्यूजग्रुप म्हणजे वृत्तगट म्हणत, आणि एकाने लिहिलेला लेख काही दिवसांत जाळ्यातील सर्व संगणकांवर उमटे. प्रारंभीचे मोडेम सेकंदाला सुमारे तीस अक्षरे वाहून नेत असत, म्हणजे दोन हजार अक्षरांचा लेख एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला मिनिटाहून अधिक काळ लागे, आणि तेवढा वेळ फोनचे मीटर चालू राही. सगळ्या जाळ्यात मिळून दिवसाला एखाद-दोन लेख येतील असा संस्थापकांचा अंदाज होता. तो किती चुकला हे सांगायला नको.

हा खर्च विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या दूरध्वनी-बिलांत मुरून जात असल्यामुळे लिहिणाऱ्याला तो दिसत नसे, म्हणून तो त्याच्या नजरेस आणून देण्याची सोय आज्ञावलीतच करण्यात आली. लॅरी वॉल याने १९८४ मध्ये तयार केलेल्या आरएन या वाचन-आज्ञावलीबरोबर लेख पाठवण्याची जी जोड-आज्ञावली मिळे, ती लिहिणाऱ्याला आधी बजावत असे की हा मजकूर हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्यापायी जाळ्याला शेकडो, कदाचित हजारो डॉलरचा भुर्दंड पडेल, तेव्हा आपण काय करीत आहोत याची खात्री करून घ्यावी. लेखाखाली आपोआप जोडल्या जाणाऱ्या नाव-पत्त्याच्या आणि आवडत्या वचनांच्या ओळींना सही म्हणत, आणि ही सही चार ओळींपलीकडे जाऊ नये असा दंडक होता, कारण रोज दहा लेख लिहिणाऱ्याची पंधरा ओळींची सही ही दीडशे ओळींची रोजची वाहतूक होती.

उत्तर देताना मूळ लेखातील ओळी पुन्हा छापण्याची, म्हणजे उद्धृत करण्याची प्रथाही याच हिशेबात बसवलेली होती. लेख क्रमाने पोहोचतील याची शाश्वती नसे, प्रश्नाआधी उत्तरच हाती पडे, त्यामुळे कशाला उत्तर देत आहोत ते दाखवणे भाग होते. मात्र पूर्ण लेख उतरवून त्याखाली एका ओळीची दाद देणे हा गुन्हा मानला जाई. बी न्यूज या आज्ञावलीत तर असा बंदोबस्तच केलेला होता की नव्या ओळींपेक्षा उद्धृत ओळी अधिक असल्यास लेख नाकारला जाई. यावर लोकांनी काढलेला तोडगा मोठा बोलका आहे: ते लेखाच्या शेवटी निरर्थक ओळी भरून संख्या पुरी करीत, आणि त्या ओळींना उघडपणे यंत्राला घातलेला चारा म्हणत. यंत्राला ओळी मोजता येतात पण ओळीत काही आहे की नाही हे कळत नाही, ही गोष्ट इतक्या लवकर आणि इतक्या विनोदी रीतीने सिद्ध होऊनही पुढच्या काळात ती पुनःपुन्हा विसरली गेली.

फोनच्या बिलापेक्षा वाचकांच्या वेळेचा हिशेब अधिक नाजूक होता. दहा मिनिटे खर्चून लिहिलेला गबाळा लेख पाच हजार माणसांनी प्रत्येकी एक मिनिट वाचला, तर समुदायाचे त्र्याऐंशी तास गेले; तेव्हा लिहिणाऱ्याने आणखी दहा मिनिटे घालवून तो नीट करावा, ही अपेक्षा साध्या गुणाकारातून निघते. विषयाची ओळ नेमकी असावी, म्हणजे ज्याला त्यात रस नाही त्याने लेख न उघडताच पुढे जावे. एखाद्या कादंबरीचा शेवट उघड करायचा असेल तर तशी सूचना आधी द्यावी. केवळ री ओढण्यासाठी लिहू नये. खासगी उत्तर खासगीत पाठवावे. आक्षेपार्ह विनोद आणि रहस्ये झाकण्यासाठी रॉट-तेरा नावाची युक्ती वापरात होती, जिच्यात रोमन लिपीतील प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवले जाते, ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. अक्षरे सव्वीस असल्यामुळे तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत मिळतो. ही गुप्तलिपी कोणालाही सोडवता येई आणि हेच तिचे मर्म होते, कारण वाचायचे की नाही हे वाचकाने स्वतः ठरवले आहे एवढेच तिच्यातून साधायचे होते.

नवागतांचे तेच तेच प्रश्न हा वेळेचा सर्वात मोठा अपव्यय असल्यामुळे वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरांसह यादी करून ती ठरावीक मुदतीने गटात पुन्हा प्रसिद्ध करण्याची चाल पडली. एफएक्यू या तीन अक्षरांनी आज बँकांच्या आणि रेल्वेच्या संकेतस्थळांवरही ओळखला जाणारा हा लेखनप्रकार यूजनेटवर रुजला आणि वाढला, आणि तेथील काही याद्या एखाद्या पुस्तकाच्या तोडीच्या होत्या. कोणी पैसे न देता, कोणाचे नावही फारसे न होता, केवळ त्याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा द्यावे लागू नये म्हणून माणसांनी वर्षानुवर्षे त्या अद्ययावत ठेवल्या. गटात शिरल्यावर लगेच तोंड न उघडता काही काळ नुसते वाचत राहणे याला इंग्रजीत दबा धरणे अशा अर्थाचा शब्द होता, आणि व्यवहारात जे दूषण ठरेल ते येथे पथ्य म्हणून सांगितले जाई.

लेखी शब्दाला स्वर नसतो, चेहरा नसतो, ही अडचण तर सर्वांनाच भोवत होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत संगणक-फलकावर १९८२ मध्ये लिफ्टमध्ये पारा सांडल्याची कोणी केलेली थट्टा काहींनी खरी मानली, तेव्हा स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने १९ सप्टेंबर रोजी सुचवले की थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि बंद कंस अशी खूण करावी, जी मान कलती करून पाहिल्यास हसरा चेहरा दिसते. त्याचप्रमाणे रोमन लिपीतील सर्व अक्षरे कॅपिटल वापरून लिहिणे म्हणजे ओरडणे, असा संकेत दृढ झाला. या संकेताची मराठीशी गाठ पडली तेव्हा एक मौजेची अडचण उभी राहिली. यूजनेटवर सोक.कल्चर.इंडियन.मराठी या नावाचा मराठी भाषकांचा वृत्तगट होता, पण त्या काळच्या यंत्रणेत देवनागरीची सोय नसल्यामुळे मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे. त्यासाठी ज्या लिप्यंतराच्या पद्धती होत्या, त्यांतील अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या आयट्रान्समध्ये लहान टी म्हणजे त आणि कॅपिटल टी म्हणजे ट, लहान एन म्हणजे न आणि कॅपिटल एन म्हणजे ण, तर ळ साठीही कॅपिटल एल. म्हणजे इंग्रजी वाचकाला जेथे आवाज चढलेला ऐकू येई, तेथे मराठी माणूस बिचारा पाणी आणि बाळ एवढेच लिहीत असे.

हे सारे नव्या माणसाला सांगणार कोण? यूजनेटवर प्रवेश देणारा दरवान नव्हता, त्यामुळे शिकवण हाच एकमेव बंदोबस्त होता. चक वॉन रॉस्पॅक यांनी लिहिलेली समुदायात वावरण्याची प्रवेशिका नवागतांसाठीच्या खास गटात नियमाने प्रसिद्ध होई, आणि पलीकडे वाचणारा माणूसच आहे, यंत्र नव्हे, ही तिची पहिली शिकवण होती. ब्रॅड टेम्पलटन यांनी एमिली पोस्ट या अमेरिकेतील नामवंत शिष्टाचार-लेखिकेच्या नावावर कोटी करून एमिली पोस्टन्यूज हे पात्र निर्माण केले, जे प्रत्येक प्रश्नाला मुद्दाम उलटा सल्ला देई: सही लांबलचक ठेवा, मूळ लेख संपूर्ण उतरवा, चूक दिसली की सर्वांसमक्ष दाखवा. उपदेशापेक्षा या उपरोधाने अधिक माणसे सुधारली असावीत, असे मानायला जागा आहे. याखेरीज तिसरा आणि सर्वात प्रचलित मार्ग होता तो खरडपट्टीचा. शाब्दिक आगपाखड या अर्थी फ्लेम हा शब्द रूढ झाला होता, आणि नवख्याची अशी संभावना करणारे आपण समाजसेवा करीत आहोत अशा थाटात ती करीत. या कठोरपणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यातील, इंग्रजीत सराईतपणे लिहिणाऱ्या, एकाच मुशीतून निघालेल्या मंडळींना जे खेळीमेळीचे वाटे, ते बाहेरच्याला अपमानास्पद वाटून तो पुन्हा फिरकत नसे, आणि गेलेल्यांची मोजदाद कोणीच ठेवली नाही.

तरीही ही व्यवस्था चालली, आणि ती चालण्याचे कारण पंचांगात होते. अमेरिकेतील विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, नव्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रथमच संगणकाचे खाते पडते, आणि त्यामुळे दर सप्टेंबरात यूजनेटवर नवख्यांची झुंबड उडून गोंधळ माजे. जुनी मंडळी कुरकुरत, याद्यांकडे बोट दाखवत, फटकारत, आणि दोन-अडीच महिन्यांत नवखे एक तर शिकत किंवा निघून जात. येणाऱ्यांची संख्या मर्यादित होती, ती ठरावीक वेळी येत होती, आणि पुढचा लोंढा येईपर्यंत आधीचा मुरलेला असे. पुढच्या वर्षी नवख्यांवर कुरकुरणाऱ्यांत आदल्या वर्षीचेच नवखे पुढे असत, हा अनुभव कोणत्याही महाविद्यालयाच्या वसतिगृहाला नवा नाही.

१९९३-९४ मध्ये हे चक्र थांबले. घरगुती संगणकांना जालाची सेवा विकणाऱ्या अमेरिकेतील कंपन्या, त्यांतही विशेषतः अमेरिका ऑनलाइन, आपल्या ग्राहकांना यूजनेट उपलब्ध करून देऊ लागल्या, आणि विद्यापीठाच्या पंचांगाशी काहीही संबंध नसलेली माणसे बारमाही येऊ लागली. त्यांचा दोष असा काही नव्हता. आपण कंपनीच्या आवारातून बाहेर पडून दहा-बारा वर्षांच्या रीतिभाती असलेल्या दुसऱ्याच्या वस्तीत शिरलो आहोत, हे त्यांना कळेल अशी खूण पडद्यावर कोठे नव्हती, आणि ग्राहक म्हणून पैसे भरलेल्या माणसाला पाहुण्यासारखे वागावे असे का वाटावे? एकाने काही लिहावे आणि पन्नास जणांनी पूर्ण मजकूर उतरवून खाली मलाही एवढाच शब्द लिहावा, हे दृश्य नेहमीचे झाले. जानेवारी १९९४ मध्ये डेव्ह फिशर या यूजनेटकराने लिहिले की १९९३ चा सप्टेंबर हा कधीही न संपलेला सप्टेंबर म्हणून जाळ्याच्या इतिहासात नोंदला जाईल, आणि ती थट्टा नाव म्हणून चिकटली.

अजाणतेपणाने संकेत मोडणाऱ्यांपाठोपाठ जाणूनबुजून मोडणारेही आले. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील कॅन्टर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या, म्हणजे अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्याच्या सोडतीसाठी अर्ज भरून देण्याची आपली जाहिरात पाच हजारांहून अधिक वृत्तगटांत धाडली. तिच्यावर उसळलेला क्षोभ केवळ जाहिरातीपायी नव्हता. एकच लेख अनेक गटांत टाकण्याची रीतसर सोय यूजनेटवर होती, जिच्यात लेखाची एकच प्रत साठवली जाई आणि वाचकाने ती एका गटात पाहिली की इतर गटांत ती त्याला पुन्हा दिसत नसे. या जाहिरातीसाठी मात्र प्रत्येक गटात स्वतंत्र प्रत टाकण्यात आली, त्यामुळे दहा गट वाचणाऱ्याला ती दहादा वाचावी लागली आणि प्रत्येक संगणकावर तिच्या हजारो प्रती साठल्या. तक्रारींचा मारा एवढा झाला की जाहिरातदारांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणाच बंद पडू लागली. त्यातली आणखी एक गोष्ट अशी की भारतात जन्मलेल्यांना या सोडतीत भागच घेता येत नव्हता, जाहिरातीतही तसे म्हटलेले होते, तरीही भारतीय विषयांचे गट यातून सुटले नाहीत. वाचणाऱ्याचा विचारच ज्या लेखनात नाही त्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. सरसकट पाठवल्या जाणाऱ्या अशा मजकुराला स्पॅम म्हणण्याचा प्रघात या प्रसंगाने जगभर पोहोचवला, आणि असे लेख आपोआप रद्द करणाऱ्या आज्ञावल्या लोकांनी लिहिल्या.

शिष्टाचाराची अधिकृत म्हणता येईल अशी संहिता निघाली ती यानंतर, ऑक्टोबर १९९५ मध्ये. इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज ज्या मालेत निघतात, तिच्यातील आरएफसी १८५५ हा दस्तऐवज इंटेल कंपनीतील सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिला. गटात लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचावे, भावनेच्या भरात दिलेले उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवावे, पोस्टकार्डावर जे लिहिणार नाही ते ई-टपालातही लिहू नये, अशा सूचना तिच्यात आहेत. तिच्यातील एक तत्त्व मात्र माणसांसाठी जन्मलेलेच नव्हते: पाठवताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार असावे, हे जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये संगणकांच्या परस्पर-दळणवळणाच्या नियमांत घातलेले सूत्र होते, म्हणजे आपल्या यंत्राने नियम चोख पाळावेत आणि दुसऱ्या यंत्राची किरकोळ चूक सांभाळून घ्यावी. यंत्रांना घातलेले वळण माणसांना लागू करण्यात कोणाला विसंगती वाटली नाही, आणि त्यात फारशी विसंगती आहे असेही म्हणता येत नाही.

परंतु संहिता छापली गेली तोवर शिकवण्याचे काम माणसांच्या हातून यंत्रांकडे सरकू लागले होते. नकोशा लेखकांची नावे ज्या यादीत घातली की त्यांचे लेख दिसेनासे होतात, त्या किल-फाइलचा वापर वाढला. एखाद्याला तिच्यात टाकल्याची सूचना प्लॉन्क या एका शब्दाने दिली जाई, जणू काही तळाशी पडल्याचा आवाज. पुढे वाचकांनी मते देऊन मजकूर वर-खाली करण्याच्या पद्धती आल्या, २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळाने तर गुणांकनावरच आपली सारी शिस्त उभारली. साधनाच्या घडणीने चालीरीती कशा बदलतात याचा मासला म्हणजे उद्धृतांची गोष्ट: उत्तर मूळ मजकुराच्या खाली किंवा ओळींच्या मधे लिहावे, अशी जुनी रीत होती, पण आउटलुक एक्सप्रेससारख्या लोकप्रिय आज्ञावल्यांनी लिहिण्याची खूण सर्वात वर ठेवली आणि वर्षानुवर्षांचा वाद न घालताच जिंकला.

मोबाइलवरील गटांच्या काळात दुहेरी हिशेबातील पहिली बाजू, म्हणजे पोहोचवण्याचा खर्च, जवळजवळ शून्यावर आली आणि दुसऱ्या बाजूचे बिल कोणालाच दाखवले जात नाही. ते कधी कधी भलत्याच रूपात पुढे येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या फोनवरून पसरलेल्या अफवांनी भडकलेल्या जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. देशात अशा घटना ओळीने घडल्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतातील वापरकर्त्यांना एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. बी न्यूजच्या ओळी मोजणाऱ्या बंदोबस्ताची ही वंशज म्हणायला हरकत नाही, कारण तीही ठिकाणे मोजते, मजकूर वाचत नाही. गटप्रमुख म्हणजे ॲडमिन हा यूजनेटवरील जुन्या जाणत्याचा वारस असावा, अशी समजूत दिसते, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले की सदस्य घेणे आणि काढणे एवढाच त्याचा अधिकार आहे, मजकूर प्रसिद्ध होण्याआधी तो पाहण्याची सोय त्याच्याकडे नाही, आणि म्हणून समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या लेखनासाठी त्याला दोषी धरता येणार नाही. इतरांचे संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची मुभा त्याला २०२२ मध्ये मिळाली, तीही अर्थात मजकूर प्रसिद्ध झाल्यानंतरची.

यूजनेटच्या जुन्या मंडळींनी न संपलेल्या सप्टेंबरची थट्टा इतक्या गांभीर्याने चालवली की आजची तारीख १९९३ च्या सप्टेंबरातच मोजून दाखवणारी एसडेट नावाची छोटी आज्ञावलीही लिहिली गेली. तिच्या हिशेबाने १ जानेवारी २००० हा दिवस सप्टेंबर २३१४, १९९३ असा येतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, त्यापूर्वी परदेशांतील विद्यापीठांतून आणि इथल्या मोजक्या संशोधनसंस्थांतून लिहिणारी मराठी माणसे सोडली, तर मराठी समाज जालावर आला तो या दिवसापासून पुढे. या पंचांगात ती तारीख सप्टेंबर ७१४ अशी पडते.